खान्देशात बसून समुद्री मासेमारीच्या नियमांवर हरकत-सूचना कशी पाठवायची

जळगावला समुद्र नाही, धुळ्याला नाही, नंदुरबारला तर नाहीच, मग समुद्रातल्या मासेमारीच्या नियमांवर आपण काय बोलायचं, हे इथं कोणीही विचारेल आणि विचारतातच, म्हणून ते आधी निकालात काढू न मग कामाचं बोलू. राजपत्रात नियमांचा मसुदा येतो त्याच्या सुरुवातीला साधारण अशी भाषा असते की, ज्यांना बाधा पोहोचण्याचा संभव आहे अशा सर्व व्यक्तींच्या माहितीसाठी हा मसुदा प्रसिद्ध करत आहोत. त्यात किनाऱ्यावर राहायची अट नसते. शहाद्याच्या नाहीतर धडगावच्या बाजारात सुकट-बोंबील घेऊन बसणारी मावशी बाधित आहे, मुंबईहून किंवा गुजरातेतून बर्फाच्या पेट्या मागवणारा मच्छीवाला बाधित आहे, कळण्याची भाकर न बोंबलाची चटणी बांधून कापूस वेचायला जाणारा मजूरही बाधितच आहे. आणि एक माणूस नेहमी विसरला जातो, तो म्हणजे पोल्ट्रीवाला. जाळ्यात येणारी बारीक, न वाढलेली मासळी बरीचशी फिशमीलला, म्हणजे मासळीच्या भुकटीला जाते, फिशमील कोंबडीखाद्यात पडतं, आणि नवापूरला पोल्ट्रीचा धंदा केवढा आहे हे खान्देशातल्या माणसाला सांगायची गरज नाही. बारीक मासळी पकडण्यावर कडक बंदी आली तर त्याचा हिशोब खाद्याच्या पोत्यावरही निघू शकतो, आणि ते मांडायचा हक्क त्या पोल्ट्रीवाल्याला आहे, भले तो बंदीच्या बाजूचा असो की विरोधातला.

तर हे पहिल्यांदाच हरकत लिहिणाऱ्यांसाठी आहे. वकील लागत नाही, स्टॅम्प लागत नाही, फी नाही. लागतं ते एवढंच की मसुदा नीट वाचायचा, आपण स्वतः पाहिलेलं एखादं-दुसरं निरीक्षण, आणि तारीख पाळायची. तारखेचं आपल्याकडे जरा अवघडच असतं.

पायरी १: कागद कोणाचा आहे ते बघा

निम्म्या सूचना चुकीच्या टेबलावर जातात आणि तिथंच पडून राहतात. समुद्राची वाटणी अशी आहे: किनाऱ्याकडून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत राज्याचं चालतं, आणि त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचं, त्या पट्ट्याला ईईझेड, म्हणजे अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात. घटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत २१ व्या नंबरला आहे आणि प्रादेशिक जलधीच्या, म्हणजे त्या बारा मैलांच्या पलीकडची मासेमारी केंद्रसूचीत ५७ व्या नंबरला, वाटणी तिथूनच आलीय.

राज्याकडे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ आहे, त्यात २०२१ ला मोठी दुरुस्ती झाली, दंड लाखांत गेले आणि आधी जी प्रकरणं तहसीलदारापुढे चालायची ती मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्याकडे आली. जुनी माहिती धरून अजूनही कोणी कोणी तहसीलदाराच्या नावाने निवेदनं देतात, ती देऊ नका. पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यांवरचे निर्बंध हे राज्याचं काम, डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ ला तो आदेश निघाला. बारीक मासळी न पकडण्याचे आकडे, म्हणजे किमान कायदेशीर आकारमान, हेही राज्यानेच २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी काढलं.

केंद्राकडे बारा मैलांपलीकडचं सगळं. एलईडी लाइट लावून मासे गोळा करायला तिकडे २०१७ लाच बंदी झाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ईईझेडमधल्या मासेमारीचे नवीन नियम आले, त्यात एलईडी, पेअर ट्रॉलिंग, बुल ट्रॉलिंग (दोन बोटींनी मिळून एकच जाळं ओढायचे प्रकार) बंद आणि यांत्रिक बोटींना ॲक्सेस पास लागणार.

पावसाळी बंदी दोघांची मिळून चालते. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, आणि महाराष्ट्र आपल्या बारा मैलांत तीच तारीख लावतो. पूर्व किनाऱ्यावर मात्र १५ एप्रिल ते १४ जून. हे लक्षात ठेवा, कारण जूनच्या शेवटी बाजारात समुद्राची ताजी मासळी दिसली की लोक लगेच "बंदी मोडली, बंदी मोडली" करून तक्रार ठोकतात, आणि ती मासळी आंध्र-ओडिशाकडून अगदी कायदेशीर आलेली असू शकते, तिकडची बंदी तोवर उठलेली असते. शिवाय आपल्याकडच्या बिगरयांत्रिक होड्यांना ही बंदी नसते आणि कोल्ड स्टोरेजचा माल वेगळाच. अशी तक्रार गेली की तुमच्या पुढच्या खऱ्या पत्राचंही वजन जातं.

पायरी २: कागदाची जात ओळखा

सगळं काही "जीआर" नसतं, जरी आपण सगळ्यालाच जीआर म्हणतो. चार प्रकार डोक्यात ठेवले की पुरे.

विधेयक असेल तर ते विधिमंडळात किंवा संसदेत जाणार. केंद्राच्या विधेयकांसाठी २०१४ चं एक धोरण आहे, त्यानुसार मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा, पण ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे पाळतात तेव्हा पाळतात. विधेयक समितीकडे गेलं तर समितीही कधी कधी सूचना मागवते, ती दुसरी संधी.

नियमांचा मसुदा असेल तर तो आपला खरा मोका. मूळ कायद्यात "पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर" नियम करावेत असं लिहिलेलं असेल तर सरकारला मसुदा छापावाच लागतो, अमुक तारखेनंतर विचारात घेऊ असं सांगावं लागतं, आणि त्या तारखेच्या आत आलेल्या हरकती विचारात घ्याव्याच लागतात. केंद्राला हे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २३ ने बांधलंय आणि राज्याच्या तशाच कायद्यातही ही सोय आहे. विचारात घ्यायचं बंधन आहे बरं का, मान्य करायचं नाही, हा फरक समजला की पुढे चिडचिड कमी होते.

शासन निर्णय बऱ्याचदा सरळ निघतो, कोणाला विचारत नाहीत. त्यावर हरकतीची मुदत नसते, तिथे निवेदन द्यायचं, आमदाराला धरायचं.

चौथा म्हणजे समितीचा अहवाल. लोक याच्याकडे बघतही नाहीत आणि खरं तर पुढचे नियम इथंच शिजतात. पर्ससीनचंच उदाहरण घ्या, परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबरच ठेवायचा, हे सगळं आधी अहवालातून आलं. आदेश निघाल्यावर आरडाओरडा करण्यापेक्षा समिती बसली असतानाच तिला लिहिलेलं बरं.

पायरी ३: मसुदा शोधा, पूर्ण वाचा

राज्याचा मसुदा महाराष्ट्र शासन राजपत्रात येतो, राजपत्र ऑनलाइन मिळतं. केंद्राचा मत्स्यव्यवसाय विभागाच्या साइटवर आणि भारताच्या राजपत्रात. जिल्ह्याला सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांचं ऑफिस असतं, आपल्याकडे त्यांचं बहुतेक काम धरणं-तलावांचं असतं, पण समुद्राच्या मसुद्याची कॉपी मागितली तर निदान कुठे बघायचं ते सांगतात. जाताना शांत जा, साहेब दौऱ्यावर असतात.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विश्वास ठेवू नका. त्यात बऱ्याचदा एखादं पान गायब असतं आणि नेमकं तेच पान महत्त्वाचं असतं. अधिसूचनेचा क्रमांक, तारीख, हरकतीची शेवटची तारीख आणि पत्ता, हे चार आधी वहीत उतरवा. शेवटची तारीख म्हणजे पोचायची तारीख, तुम्ही पोस्टात टाकायची नाही, असंच धरून चाला.

वाचताना पहिलं पान सोडून आधी व्याख्या वाचा. "मासेमारी जलयान" कशाला म्हटलंय, "पारंपरिक मच्छीमार" कोण, "यांत्रिक" म्हणजे किती. भांडणं सगळी तिथंच असतात. एका शब्दाने इंजिन लावलेली छोटी होडी मोठ्या ट्रॉलरच्या रांगेत जाऊन बसते. मग बंदी किंवा अट कशावर आहे ते बघा: जाळ्यावर, जाळ्याच्या आसावर म्हणजे भोकाच्या मापावर, बोटीच्या लांबीवर, महिन्यावर, अंतरावर की माशाच्या लांबीवर. शेवटी दंड कोणाला, बोटीच्या मालकाला, तांडेलाला म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, की विकणाऱ्यालाही. खान्देशातल्या माणसाने हे शेवटचं दोनदा वाचावं, कारण आपल्याकडे बोटी नाहीत पण विकणारे आहेत.

पायरी ४: स्वतःचं निरीक्षण जमवा

इथं जरा थांबायला लागेल, कारण सगळ्यात जास्त वजन यालाच आहे. खात्याकडे शास्त्रज्ञ आहेत, कोचीची सीएमएफआरआय ही संस्था १९४७ पासून समुद्री माशांचा अभ्यास करतेय, बंदरांवर काय उतरतं त्याची आकडेवारी त्यांच्याकडे असते. किनाऱ्यावरचे मच्छीमार त्यांची बाजू तुमच्या-माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगली मांडतात. मग आपल्याकडे असं काय आहे जे त्यांच्याकडे नाही? आपल्याकडे साखळीचं शेवटचं टोक आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, बर्फाची पेटी उघडल्यावर आत नेमकं काय निघतं हे आपल्याला दिसतं.

पापलेट घ्या. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये सिल्व्हर पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, आणि त्याच वर्षीच्या आकारमानाच्या यादीत त्याला १३५ मिलिमीटर ही किमान लांबी आहे. साडेतेरा सेंटीमीटर म्हणजे किती, तर हातातला स्मार्टफोन साधारण सोळा सेंटीमीटरचा असतो, त्याच्याहून आखूड. आता कुठल्याही मोठ्या बाजारात सकाळी जाऊन बघा, पापलेटचे तीन ढीग दिसतील, मोठा हॉटेलवाल्यांचा, मधला घरच्या गिऱ्हाइकाचा, आणि कडेला एक बारीक, जो वाट्यावर विकतात, वजनावर नाही. तो कडेचा ढीग आपल्या कामाचा.

मोजायचं असं. शिंप्याची टेप नको, ती वळते आणि आकडा वाढतो. शाळेची तीस सेंटीमीटरची प्लास्टिकची पट्टी घ्या, ती पाटावर आडवी ठेवा आणि मासा तिच्या शेजारी सपाट झोपवा, तोंड मिटलेलं पाहिजे. पापलेटची शेपटी खोल दुभंगलेली असते आणि खालचं टोक लांब असतं, त्यामुळे तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजलं तर एक आकडा येतो आणि दोन फाट्यांच्या मधल्या खाचेपर्यंत मोजलं तर दुसरा, बराच कमी. अधिसूचनेत कुठली लांबी धरलीय ते बघून तीच मोजा आणि पत्रात तसं लिहा, नाहीतर समोरचा अधिकारी पहिल्या ओळीतच तुमचं पत्र बाजूला ठेवेल. कोळंबीला पूर्ण लांबी, खेकड्याला पाठीच्या कवचाची रुंदी, असं प्रत्येकाचं वेगळं असतं. बर्फात वाकडा झालेला, पोट फुटलेला, शेपूट तुटलेला मासा मोजू नका.

एका ढिगातले सगळ्यात बारीक बारीक निवडून मोजायचे नाहीत, तसं केलं तर कुठलाही बाजार गुन्हेगार ठरवता येतो. वाट्यातले आले तसे ओळीने मोजा, सगळे लिहा, मोठे निघाले तरी लिहा. तारीख, बाजाराचं नाव, माल कुठून आला (विचारायचं, खोक्यावर कधी कधी लिहिलेलंही असतं), भाव काय. वेगवेगळ्या दिवशी जाऊन केलं तर उत्तम, विशेषतः पावसाळी बंदी उठल्यावर म्हणजे ऑगस्टमध्ये, कारण तेव्हा बोटी नुकत्याच निघालेल्या असतात.

आणि विकणारीला आधी विचारा. "मोजस कसाले भाऊ, लेवानं व्हई ते ले" असं ऐकायला मिळणार, मिळू द्या. अर्धा किलो विकत घ्या, गप्पा मारा, मग पट्टी काढा. तिचा चेहरा फोटोत नको, गाळा नंबर नको, नाव तर अजिबात नको. बारीक मासा तिने पकडलेला नाही, तिला पेटी उघडल्यावरच कळतं आत काय आहे, आणि पेटीचे पैसे तिने आधीच मोजलेले असतात. तुमच्या सूचनेमुळे दंडाची पावती जाऊन तिच्याच हातात पडली तर बोटवाला, घाऊक व्यापारी आणि कमिशन एजंट तिघं मोकळे राहतील, हे पत्र लिहिताना डोक्यात ठेवायचं.

बाजारात मोजून एक गोष्ट मात्र कळत नाही, ती म्हणजे १३५ हा आकडा बरोबर आहे की कमी आहे. त्यासाठी मासा पहिल्यांदा कोणत्या लांबीला अंडी धरतो याचा अभ्यास लागतो, ते काम सीएमएफआरआयचं. आपण आपल्या पट्टीवरून "नियम पाळला जातोय का" एवढंच बोलावं, "नियम किती असावा" यावर उगाच शास्त्रज्ञ होऊ नये.

पायरी ५: लिहा

पत्र एका पानाचं. मराठीत चालतं, राज्याची राजभाषाच मराठी आहे. केंद्राला लिहिताना लोक घाबरून मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहितात, पण घटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणं संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, त्यामुळे मराठीत लिहा आणि जमलं तर खाली चार ओळींत हिंदी गोषवारा द्या, वाचणाऱ्याची सोय होते.

ढाचा असा: कुठल्या कलमावर, माझा संबंध काय, मी काय पाहिलं, त्यामुळे काय अडचण होईल, आणि त्याऐवजी काय शब्द असावेत. शेवटचं सगळे विसरतात. "याचा विचार व्हावा ही विनंती" म्हणून पत्र संपवलं की समोरच्याला काही करायचंच उरत नाही. बदललेलं वाक्य तुम्हीच लिहून द्या.

नमुना देतो, कलमं काल्पनिक आहेत, तुमच्या मसुद्याप्रमाणे बदला:

"प्रति, मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय, महाराष्ट्र राज्य, मुंबई.
विषय: मसुदा अधिसूचना क्र. ___, दि. ___ मधील नियम ६ बाबत सूचना.

मी धुळे शहरात राहतो. माझा मासेमारीचा व्यवसाय नाही, मी ग्राहक आहे. नियम ६ मध्ये किमान आकारापेक्षा लहान मासा 'बाळगणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस' दंड आहे. मी सोबतच्या तक्त्याप्रमाणे किरकोळ बाजारात पापलेटची लांबी मोजली, मोजण्याची पद्धत तक्त्यावर लिहिली आहे. किरकोळ विक्रेत्यास बंद पेटी मिळते आणि आतील माशांचा आकार खरेदीपूर्वी पाहता येत नाही. दंड किरकोळ विक्रेत्यावर बसल्यास लहान मासा समुद्रातून निघणे थांबणार नाही.

सूचना: नियम ६ मध्ये 'कोणत्याही व्यक्तीस' याऐवजी 'जलयानाचा मालक, बंदरावरील पहिला खरेदीदार व घाऊक विक्रेता यांस' असे शब्द असावेत, आणि घाऊक विक्रेत्याने प्रत्येक पेटीवर बंदराचे नाव व पकडल्याचा आठवडा लिहिण्याची अट घालावी."

एवढंच. तुमचं मत उलटं असेल, म्हणजे विक्रेत्यालाही दंड झालाच पाहिजे असं वाटत असेल, तर तेही असंच लिहा, ढाचा तोच.

काय लिहू नये तेही सांगतो. मंत्र्याचं कौतुक नको, मंत्र्याला शिव्या नकोत. "सर्व ट्रॉलरवाले चोर आहेत" हे वाक्य कापा. ट्रॉलवरच बोलायचं असेल तर जाळ्याच्या शेवटच्या खोळ्यावर बोला, तिथला आस किती आणि चौकोनी की तिरका, कारण बारीक मासा निसटतो की अडकतो ते तिथं ठरतं, जाळं ओढलं की तिरके आस मिटतात आणि चौकोनी उघडे राहतात. गुजरातने खोळ्याला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस घातलेला आहे, त्याचा दाखला देता येतो. आकारमानासाठी केरळचा दाखला द्या, त्यांनी २०१५ लाच हे सुरू केलं होतं. दुसऱ्या राज्याचा नियम दाखवला की "हे शक्य नाही" असं म्हणणं अवघड जातं.

फॉरवर्ड आलेलं तयार पत्र नाव बदलून पाठवणं ही मात्र निव्वळ पोस्टाची भरती आहे. पाचशे सारखी पत्रं आली तर नोंदीत तो एकच मुद्दा होतो. दहा लोकांना मिळून पाठवायचं असेल तर एकच पत्र, खाली दहा सह्या, आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो कोण, म्हणजे सुकट विक्रेती, टेम्पोचालक, खानावळवाला, असं लिहा, ते जास्त चांगलं दिसतं.

हौशी गळवाल्यांसाठी

जळगाव, भुसावळकडे हतनूरच्या पाण्यावर, गिरणेवर गळ टाकणारी पोरं आता रॉड-रील घेऊन सुट्टीत अलिबाग, दिवेआगार, मालवणलाही जायला लागलीत, त्यांनी हे वाचावं. आपल्याकडच्या सागरी नियमांचा सगळा भर बोटींवर आणि जाळ्यांवर आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत, ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्ससारख्या ठिकाणी हौशी माणसालाही लायसन, दिवसाला किती मासे, किती लांबीचे, अशी मर्यादा असते. आपल्याकडे असं असावं का, यावर गळवाल्यांनी स्वतःहून लिहिलं तर मला आवडेल, कारण नियम आलेच तर ते बोटवाल्यांनी सुचवलेले येतील आणि मग हीच मंडळी बोंब मारणार. माझं मत विचाराल तर हौशी माणसाला लांबीची मर्यादा असावी, फीचं लायसन नसावं, काठावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाकडून फी घेऊन मासे वाढत नाहीत. पण हे माझं मत.

एक गोष्ट मात्र आजही ठरलेली आहे: समुद्री कासव, देवमाशासारखा अवाढव्य दिसणारा व्हेल शार्क, करवतीसारख्या तोंडाचा सॉफिश हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत. चुकून लागला तरी फोटोसाठी बोटीत ओढायचा नाही, दोर कापून सोडायचा.

पायरी ६: पाठवा आणि पोच धरा

ईमेल दिला असेल तर ईमेल, शिवाय स्पीड पोस्ट. रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच गेलंय, तेव्हा काउंटरवर रजिस्टर मागत वाद घालू नका. पावती पत्राच्या कॉपीला स्टेपल करा. ईमेलच्या विषयात अधिसूचना क्रमांक टाका, आणि पीडीएफ जोडली तरी मजकूर मेलमध्येही पेस्ट करा, कारण अटॅचमेंट उघडत नाही ही सबब फार चालते. फोन नंबर द्यावा लागला तर द्या, पण आधार कार्डाची कॉपी कोणी मागितलेली नसताना जोडायची नाही, आपल्याकडे सवयीने सगळीकडे जोडतात. तुमचं नाव आणि पत्र पुढे सार्वजनिक रेकॉर्डमध्ये येऊ शकतं हे धरूनच लिहा.

सुनावणी ठेवली तर ती बहुतेक मुंबईत किंवा किनाऱ्यावरच्या जिल्ह्यात असते, आणि आपल्याला एका दिवसात जाऊन येणं जड जातं. लेखी म्हणणं आधी पोचलेलं असेल तर हजर राहिलंच पाहिजे असं नाही. तरीही मसुद्यावर पत्र पाठवताना एक ओळ टाका की सुनावणी झाल्यास ऑनलाइन हजर राहायची सोय मिळावी. मिळेलच असं नाही, पण न मागता तर नाहीच मिळणार.

पायरी ७: मागे लागा

अंतिम अधिसूचना निघाली की ती मसुद्याशेजारी ठेवून तुमचं कलम बघा. बदललं का, जसंच्या तसं का. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. "माझी सूचना का फेटाळली" असं विचारू नका, "का" ला माहिती अधिकारात उत्तर नसतं. असं विचारा: सदर मसुद्यावर आलेल्या एकूण हरकतींची यादी, त्यावरील कार्यालयीन टिपणीची प्रत, आणि अंतिम निर्णयाच्या नस्तीची प्रत. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. त्या टिपणीत तुमच्या पत्राचा उल्लेखच नसेल तर हरकत विचारात घेतली नाही असं म्हणायला कागद हातात येतो, आणि किनाऱ्यावरची एखादी मच्छीमार संस्था त्या नियमाविरुद्ध कोर्टात गेलीच तर त्यांना तो कागद लाखमोलाचा असतो. त्यांना पाठवून द्या.

आपल्या नद्या-धरणांचं थोडक्यात

समुद्रावर हात बसला की हेच सगळं इथंही चालतं. हतनूर, गिरणा, वाघूर, उकाईचं नवापूरकडे शिरलेलं पाणी, अक्राणी-अक्कलकुव्याकडचं सरदार सरोवराचं पाणी, यातली मासेमारी सागरी कायद्यात येत नाही, ती राज्याच्या मत्स्यव्यवसाय कायद्यात आणि तलाव ठेक्याने देण्याच्या धोरणात येते, आणि ते धोरण बदललं की थेट आपल्याकडच्या भोई, कोळी, भिल्ल, पावरा सहकारी संस्थांवर येतं. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी अनुसूचित भागातल्या गावांना तर लहान जलसाठ्यांवर ग्रामसभेचा अधिकार आहे, १९९६ चा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम, त्यामुळे तिथं एकट्याचं पत्र पाठवण्याआधी ग्रामसभेचा ठराव करून घ्या. ठराव वहीत इतिवृत्तासकट लिहिलेला पाहिजे, सुट्या कागदावरचा नको, आणि बायकांच्या सह्या-अंगठे नुसते नावाला नकोत, सुकवायचं न विकायचं काम त्याच करतात तर बोलायलाही त्याच हव्यात. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष टाकून मासे मारायला १८९७ पासूनच बंदी आहे, तरी होतं, आणि त्यावर हरकत-सूचना नाही तर पोलिसात तक्रार द्यायची.

तारीख चुकली तर

चुकते. मसुदा कळतो तोवर आठवडा उरलेला असतो किंवा तोही नाही. तरी पाठवा, वर "विलंबाने, परंतु अंतिम निर्णयापूर्वी" असं लिहून, कारण मसुद्यापासून अंतिम अधिसूचनेपर्यंत बऱ्याचदा महिने जातात आणि फाईल उघडीच असते. त्यात मुदतवाढीची मागणीही एका ओळीत करा आणि कारण खरं द्या: मसुदा फक्त किनारी जिल्ह्यांत लावला, बिगरकिनारी जिल्ह्यांतल्या विक्रेत्यांपर्यंत आलाच नाही. आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांना वेगळा अर्ज द्या की पुढचे सागरी मसुदे आमच्याही ऑफिसच्या नोटीस बोर्डावर लावावेत आणि मच्छी मार्केटात एक प्रत द्यावी. त्या अर्जाची पोच मात्र शिक्क्यासकट घ्या, तोंडी "लावतो भाऊ" वर उठून येऊ नका.